इटलीच्या गाडीत अव्वाची चटणी

तीर्थरूप अव्वास अक्षराचे शरणार्थ.

आम्ही दोघं खुशाल आहोत. जानेवारीत इथं लई थंडी, त्यामुळं रोमची गाडी अर्धी रिकामीच होती.

समोर एक म्हातारी बसलेली. तिला न विचारता कसं खायचं? हे म्हणाले, "इथं असं देत न्हाईत." तरी मी डब्याच्या झाकणात धपाटं अन् तुझी शेंगाची चटणी दिली. तिला ठसका लागला, पण तिनं परत मागितली!

उतरताना तिनं झाकणात संत्रं ठेवून दिलं. भांडं रिकामं परत देऊ नये, हे तिला कुणी शिकवलं असंल गं?

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली का? फोनवर अप्पा विषयच बदलतात.

तुझाही डबा रिकामा आणणार न्हाई. पण ऑपरेशन मी आल्यावरच कर. पट्टी निघाली की आधी मी दिसले पाहिजे, मग डबा.

तुझीच,
अक्षरा