सिंधूच्या फाइलीतलं चौथं नाव

५ जानेवारी
सिंधू गेल्यापासून तिचा फोन सुरू झालाच नाही. तिच्या टिपणांची प्रत इंटरनेटवर होती, ती अस्मितानं पुण्याहून उतरवून पाठवली. उघडली तर अक्षरं नाहीत, नुसते आकडे आणि तिरप्या रेघा. पोरगी म्हणाली, "मी वाचून देऊ काय बाबा?" नको म्हटलं. दवाखान्यात सिंधू मला म्हणाली होती, "तुमच्यासाठी लिहून ठेवलं हाय फोनमंदी. मंग वाचजा." तर मीच वाचणार. फाइल वाचायचा प्रोग्राम लिहायला शिकव म्हटलं.

८ जाने.
शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं टायपिंग केलं, त्याचा इथे उपयोग नाही. अस्मितानं फाइलीची रचना समजावली: महिरपी कंसात माणसांची नावं. प्रत्येक नावापुढे चौकोनी कंसात त्याच्यासाठीची टिपणं. नाव सांगायचं, मग क्रमांक. तेवढंच बाहेर येतं. सरावाला अस्मिताचं काढलं, तिच्याच सांगण्यावरून. नाव, पुढे १. तिळाच्या लाडवांची कृती आली! "हाताले चटका बसला तरी पाक सोडू नको." अगदी सिंधूचंच बोलणं.
अ. फोनवर हसली. "बाबा, हे दुसरं हाय. पहिलं शून्यावर असते."

११ जाने.
माझं नाव टाकलं. दिगंबर. एरर. असं नाव फाइलीत नाही. दिगंबरराव, नाही. आडनावासकट, नाही.
देवापुढे बसलो, लक्ष लागलं नाही. मला लिहिलंच नाही काय?

१२ जाने.
अ.चा फोन. "आई तुमचं नाव घेत होती काय कधी? मंग फोनमंदी तरी कायले घेईन?"
खरंच की. लग्नात एकदा घेतलं, तेही बायांनी दार अडवलं म्हणून.
'अस्मिताचे बाबा' टाकलं. वावरातून हाक मारायची ती अशीच. तेही नाही.

१४ जाने. संक्रांत
अ. म्हणाली, "अंदाज कायले करून राह्यले? सगळी नावंच मागा ना." मागितली. चार आली. तिला फोनवर वाचून दाखवली: अस्मिता. आक्का. सुनंदा वहिनी. गोपाळचे बाबा.
"हा गोपाळ कोण?"
आवाज येत नाही म्हणालो आणि ठेवून दिला.

१५ जाने.
आमचा पहिला मुलगा. आठ दिवस होता. अस्मिताच्या तीन वर्षं आधी. बारशाच्या आधीच गेला. नाव आम्ही दोघांनीच मनात धरलेलं, घरात कोणाला माहीत नाही. सिंधूला त्रास होईल म्हणून मी पुन्हा कधी काढलं नाही. तीही नाही. मला वाटायचं, विसरली.
आम्ही अस्मितापासूनच मोजत आलो.

१६ जाने.
त्या नावापुढे किती आहेत ते विचारलं. अकरा. ओळ लिहिली: गोपाळचे बाबा, पुढे शून्य. बटण दाबलं नाही.

१७ जाने.
अ. उद्या सकाळी पोचते. लाडू करू म्हणते, आईच्या कृतीनं. तीळ निवडून ठेवले. कॉम्प्युटर देवघराशेजारी, ओळ तशीच.
रोज एक काढलं तर सिंधू अकरा दिवस बोलेल. पण आधी पोरीला सांगावं लागेल, आणि ते नाव माझ्या तोंडून इतक्या वर्षांत एकदाच आलं, तेही फाइलीतून वाचून दाखवताना.