ऐंशी मिनिटांचं अंतर

४ नोव्हेंबर २००६, शनिवार. डार्मश्टाट.
सुखरूप पोहोचलो. भाची निशिगंधाने विमानतळावरच बजावलं, मामा, घरात बातमीदारी नको हं! पुण्याच्या दैनिकासाठी जर्मनीतल्या मराठी घरांवर चार लेख लिहायचेत. म्हणजे महिनाभर भाचीकडे फुकट जेवायचंय. जावई सत्यजित दर सोमवारी कामाला व्हिएन्नाला उडतो, शुक्रवारी परततो. फ्रांकफुर्टहून सहाशे किलोमीटर, ऐंशी मिनिटं. पुढे घरापर्यंत बसने अर्धा तास. तेवढ्यात आमचे संपादक एक मथळाही ठरवत नाहीत. पाच वर्षांच्या अवनीला मराठी कळतं, बोलते मात्र जर्मन. माझ्या प्रत्येक विनोदावर तिचं जर्मन उत्तर, "नाइन." म्हणजे नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार.
सत्यजित "येतो, मामा" म्हणून निघाला. अवनीची शंका, आईने मराठीत सांगितली ती अशी: पापा जातोय, तर येतो का म्हणतो? मी लगेच पंतोजी झालो. संस्कृतात गम् म्हणजे जाणे. आधी 'आ' लावला की येणे. आपला माणूस तो 'आ' बरोबर घेऊनच उंबरा ओलांडतो. 'जातो' म्हणणारा परत येत नाही. निशिगंधा करवादली, सकाळी सकाळी काय हे अभद्र!

१० नोव्हेंबर, शुक्रवार.
सहा वाजून पाच मिनिटांनी व्हिएन्नाहून सत्यजितचा फोन: विमानात बसलो, दारं लावतायत. सहा वीसला बेल वाजली. दारात सत्यजित! म्हटलं, जावईबापू, मारुतीचं शेपूट धरून आलात की काय? तो म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मग हसला, मी हसलो होतो अगदी तेवढाच. निशिगंधाच्या मते माझं घड्याळ बिघडलंय. ताडून पाहिलं, बरोबर आहे. बाहेर पाऊस होता. त्याचा कोट कोरडा.

११ नोव्हेंबर, सकाळ.
ब्रेड आणायला निघताना म्हणाला, "जातो." निशिगंधाच्या हातातला कप तसाच राहिला. अवनी कालपासून त्याच्याजवळ जात नाही. का ग, विचारलं, तर पहिल्यांदाच मराठीत बोलली. "हा नाही."

दुपारी ३.१०
घरचा फोन वाजला. मी उचलला. सत्यजित! काल धुक्यामुळे विमान सुटलंच नाही, सगळ्यांना उतरवलं. संध्याकाळभर घरी फोन करत होता. कुणी पुरुष उचलून ठेवून देई. त्याला वाटलं, मामाच, जर्मनला घाबरून. आता विमानात बसलाय, दोन तासांत घरी. मी विचारलं, मग बाहेरच्या खोलीत बसलाय तो— फोन बंद.

३.१४
आम्ही तिघं आतल्या खोलीत. किल्ली फिरवली. निशिगंधाला सगळं सांगितलं. बाहेर त्याच्या फेऱ्या. एकसारख्या.

३.२०
पावलं थांबली. घराचं दार लागल्यासारखं— गेला?

३.२१
खोलीबाहेर सत्यजितचा आवाज. धापा टाकत. "निशी, पोहोचलो ग, उघड!" ती रडत उठली. मी तिला घड्याळ दाखवतोय— फोनला अकराच मिनिटं झालीत— सहाशे किलोमी— निशी, किल्लीला हात नको— अवनीला इकडे दे, निशी, तो अजून आकाशात—