भुलाबाई अकोल्याले नेली

आई,

तू चक्कीवरून दळण घेऊन येशील तवा मी अकोल्याच्या गाडीत बसली असीन. तिथल्या आर्ट कॉलेजात फेलोशिपची मुलाखत आहे. निवड झाली तर संशोधन करायले भेटते. माहा विषय आपली भुलाबाईच. फोटो चालत नाही, खरी मूर्ती आणा म्हणे, म्हणून कपाटावरची सोबत नेली.

कोजागिरी झाल्यावर गल्लीतल्या सगळ्यायनं आपापली भुलाबाई पाण्यात शिरवली, मी अर्जापायी ठेवून घेतली. माहेरी आलेली भुलाबाई वेळेवर सासरी धाडली नाही, म्हणून आपली आचल सासर सोडून आली, असं तू काल तिच्याच समोर म्हटलं. मले शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती तशीच उपाशी झोपली.

तुह्या मनासाठी, मुलाखत झाली का भुलाबाई मोर्णेच्या पाण्यात शिरवून येतो. मंग फेलोशिप भेटो का न भेटो.

पण आचलले आज धाडू नको. गजेंद्रभाऊजी न्यायले आले तर दामिनी आल्याशिवाय काही होत नाही म्हणून दारातूनच सांग. एवढ्या उकाड्यात ती लांब बाह्यायचा कुर्ता कावून घालून राहिली, हे तिले विचारू नको. वेणी घालायले जवळ बसव अन् बाही जराशी वर करून पाह्य.

तू दारामागं भरून ठेवलेली तिची बॅग शोधू नको. कपडे मी माह्या कपाटात लावले. भुलाबाईले न्यायले मजबूत बॅग पाहिजे होती, तीच नेली.

दामिनी