मामांची कोरी चिठ्ठी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (‘तीर्थरूप’ हाताने लिहिलंय, कॉम्प्युटरला जवळ फिरकू दिलेलं नाही.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे सगळे मजेत, म्हणजे आई सोडून सगळे. ती माझ्याशी बोलत नाही, तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा पत्राचा उद्योग.

तुमच्या निरोप समारंभात काय घडलं ते एकदा नीट ऐका. खुर्च्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापायचं काम माझ्याकडे होतं. यादी आपल्या प्रेसच्या कारकुनांनी केलेली, आणि त्यांना रखवालदारापासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या पुढे ‘मा.’ लावायची खोड; जमलं तर मागे ‘साहेब’ही. मालक म्हणाले, आज सगळे सारखे, पुढचं-मागचं काढून टाक. मी म्हटलं, चुटकीसरशी. (इथेच माशी शिंकली.) प्रोग्रॅममध्ये कडेची अक्षरं काढायचा एक हुकूम असतो, तो दिला. मला वाटलं, तो ‘मा.’ एकदाच काढेल आणि गप्प बसेल. पण त्याला शब्दबिब्द कळत नाही. म दिसला की काढ, काना दिसला की काढ, वेगळं अक्षर आडवं येईपर्यंत त्याचा हात थांबत नाही. ‘साहेब’च्या बाजूनेही तीच गत. मालक साहेबांचे ‘लक’ झाले, चहाच्या मावशी ‘वशी’ झाल्या, हिशेबनिसांचा शेवटचा स साहेबांबरोबर गेला, आणि माळीबुवा ‘ळीबुव’. (ळ ने सुरू होणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.) तुमच्या वाट्याला ‘मा. मामा’. प्रेसमध्ये सगळेच तुम्हाला मामा म्हणतात, सख्खे माझे असलात तरी. त्यात आडवं यायला दुसरं अक्षरच नव्हतं. चिठ्ठी कोरी निघाली, आणि मी गठ्ठा न बघता शिपायाकडे दिला.

तुम्ही मधल्या खुर्चीकडे पाहिलंत, दाराजवळ जाऊन बसलात आणि भाषणांआधीच निघून गेलात. लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. आई एवढंच म्हणाली, “ज्याने तुला प्रेसमध्ये लावून दिलं, त्याचंच नाव तुला छापता आलं नाही.” तेव्हापासून ती ताट समोर ठेवते आणि भिंतीकडे बघते.

पण मामा, तुम्हीही कटिंग मशीनवर गणिताच्या पुस्तकाच्या कडा छाटताना पानांचे आकडेच छाटले होते ना? तेव्हा दोष कागदाला दिला होतात. मी निदान कबूल तरी करते आहे. रागावलात तरी चालेल, पण समोर येऊन रागवा.

तुमची,
भाची

ता.क. तुम्ही गेल्यापासून कटिंग मशीन अडून बसलंय. मागून बुक्की मारायची असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, किती जोरात ते कोणालाच नाही. मालकांनी विचारायला सांगितलंय. (हे लिहू नकोस, असं आईने भिंतीला सांगितलं.) मालक रागावलेले नाहीत, ‘लक’ची चिठ्ठी त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

ता.क. दुसरा. रखवालदार सांगत होते, जाताना तुम्ही ती कोरी चिठ्ठी खुर्चीवरून काढून खिशात घातलीत. येताना ती आणि भाषण, दोन्ही घेऊन या. खुर्ची मी अजून उचलू दिलेली नाही. चिठ्ठीवर नाव मी हाताने लिहीन.