कुठली पिशवी?

दि. ३

चि. बारकीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

मी ऑपरेशन न करता घरी आले. म्हातारी हट्टी आहे असं तुझ्या बापानं फोनवर कळवलंच असेल, तर आता माझ्याकडून ऐक.

सकाळी शिकाऊ डॉक्टरांचं टोळकं माझ्या खाटेभोवती उभं राहिलं. त्यातला चष्मेवाला माझ्या पायांकडे बघत म्हणाला की उद्या पिशवी काढायची, कळलं ना. मी म्हटलं की माझी पिशवी तुझ्या जन्माआधीच काढून झाली, आता काय दुसऱ्या कुणाची घालून काढणार? सगळे फिदीफिदी हसले. कुठली पिशवी, ते मात्र एकानंही सांगितलं नाही आणि टोळकं पुढच्या खाटेकडे गेलं. मग मी चपला घातल्या. दारावरच्या बाईनं अडवलं, तिला म्हटलं की हे लोक विसरभोळे आहेत, एकदा काढलेलं परत काढायला निघालेत.

तूही सर्जन व्हायला गेलीस. हेच शिकवतात का गं तुम्हाला? पोटात कळा येतात, पण उगाच मान हलवणारी मी नव्हे.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
तुझी आजी

दि. ९

ती. आजीस सा. न. वि. वि.

आधी भांडते. तुझी काढली ती गर्भाची पिशवी. ही पित्ताची, यकृताखाली असते. तिच्यात खडे झालेत म्हणून कळा येतात. दुर्लक्ष केलंस तर जिवावर बेतेल. मुकाट्यानं परत जा.

तुझं पत्र वाचून मीही हसले. मग आमच्या वॉर्डात गेले. जिची हीच पिशवी दुसऱ्या दिवशी काढायची होती ती मुलगी, नुकतं लग्न झालेली, भिंतीकडे तोंड करून पडली होती. काय काढणार ते माहीत आहे का, असं विचारलं, तर म्हणाली की आता मूल होणार नाही हे नवऱ्याला कसं सांगू. आजी, तिनं संमतीच्या कागदावर सहीसुद्धा केली होती! मी स्टूल ओढलं, तिच्याच पोटावर जागा दाखवली आणि ती मला उलट समजावून सांगेपर्यंत उठले नाही.

त्यात मोठ्या सरांचा राउंड खोळंबला. पेशंटशी बोलायला शिकवणारा आमचा एक तास असतो, त्याला सर गप्पांचा तास म्हणतात. सगळ्यांसमोर म्हणाले की माफी माग, नाहीतर महिनाभर तुला ऑपरेशन थिएटर बंद. महिना गेला तर माझा सराव मागे पडेल गं. काय करू?

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी बारकी

दि. १४

चि. बारकीस आशीर्वाद.

माफी कशाची? पेशंटजवळ बसल्याची? खबरदार!

मी परत गेले. चष्मेवाल्याला म्हटलं की आधी बूड टेक, मग तोंड उघड. घामाघूम झाला. म्हणाला की कापायला शिकवतात, हे कुणी शिकवलं नाही. तिसऱ्या खेपेला जमलं त्याला. मग मी उलट सांगितलं, तर अर्धं माझंच चुकलं! त्यानं न चिडता पुन्हा सांगितलं. पोरगा वाईट नाही.

परवा ऑपरेशन. तू माफी मागितल्याचं कानावर आलं तर टेबलावरून उठून येईन.

लोभ तसाच, धाक वाढलाय.
तुझी आजी

दि. २२

ती. आजीस सा. न. वि. वि.

टाके दुखतात का? मी माफी मागितली नाही. थिएटर बंद झालं. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण त्या गप्पांच्या तासाच्या बाईंनी मला मदतीला घेतलंय. पोरांना सरावासाठी खोटा पेशंट लागतो. बरी झालीस की येशील?

लोभ ठेव, आणि जड उचलू नकोस.
तुझी बारकी

दि. २७

चि. बारकीस आशीर्वाद.

येते. खोटं दुखणं आणीन, पण न समजता हो म्हणणार नाही, हे पोरांना सांगून ठेव. आणि पहिला नंबर तुझ्या मोठ्या सरांचा लाव.

तुझी आजी