एकशेबारा कॉम्प्युटर आणि माझा एक नम्र प्रश्न

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. साहेबांना बढती मिळून ते वरच्या मजल्यावर चाललेत. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. नावं दोनच. मी, आणि समोरच्या टेबलावरच्या बाई. बाई हुशार आहेत, नाही असं नाही, पण प्रत्येक गोष्टीत शंका. मी त्यांना मनात शंकाबाईच म्हणतो. थोडक्यात, खुर्ची माझी.

शनिवार-रविवारी आमच्या परवाना ऑफिसातल्या एकशेबारा कॉम्प्युटरांवर नवी सिस्टिम चढवायची आहे. सर्व्हरवरून, आपोआप. जबाबदारी माझी. साहेब म्हणाले, सोमवारी नऊला काउंटर उघडतील तेव्हा कुणाला काही झाल्याचं कळतासुद्धा कामा नये. हेच मला पटलं नाही. कळलंच नाही तर मी काम केलं हे दिसणार कसं?

४ मार्च, मंगळवार
काउंटरांची पाहणी केली. शिसारी आली. एक की-बोर्ड उलटा करून आपटला तर बिस्किटांचा चुरा, केसांचं पुंजकं आणि एक नख. नख! सात नंबरच्या कारकुनाने पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलाय. माणसं आहेत की कोण आहेत! सफाईच्या मावशींना बजावलं, सोमवारी सगळे की-बोर्ड ओल्या फडक्याने पुसायचे, कुणाचं ऐकायचं नाही. मावशी म्हणाल्या, आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन हात तीनदा धुतले. धुताना सुचलं. सिस्टिम चढताना मध्येच एक चौकट उघडेल: ‘नमस्कार. हा कॉम्प्युटर कोणत्या विभागाचा आहे? कृपया निवडा.’ खाली विभागांची यादी, आणि त्याखाली माझं नाव, हुद्द्यासकट.

५ मार्च, बुधवार
शंकाबाईंची शंका क्रमांक एक. शनिवारी ऑफिस बंद, उत्तर कोण देणार? म्हणाल्या, कुठला कॉम्प्युटर कुठल्या विभागाचा ही यादी माझ्याकडे तयार आहे, ती सर्व्हरला दिली की कुणाला विचारायलाच नको. मी म्हणालो, सोमवारी सकाळी लोक येतील, एक क्लिक करतील, पाच मिनिटांत सिस्टिम सुरू. शंका क्रमांक दोन. मग निदान मुदत घाला, दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर आपोआप पुढे जाऊ दे.

मुदत! प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही, ही कुठली रीत? या यंत्रांच्या उद्धटपणाचा वीट आलाय मला. माझी चौकट थांबेल. कितीही वेळ थांबेल.

हिला सांगितलं. ही म्हणाली, पण विचारायचंच कशाला? म्हणजे घरातही एक शंकाबाई आहेच.

६ मार्च, गुरुवार
टेस्टिंग. माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत, वर्षभर अर्ज करून मिळवलेले. डावीकडे पूर्ण निळा पडदा, ‘कृपया थांबा, काम चालू आहे’. उजवीकडे माझी चौकट, ठसठशीत. उत्तर दिलं, गाडी पुढे. झकास!

शंका क्रमांक तीन. काउंटरवर एकच मॉनिटर असतो, तसं एकदा करून बघा. मी म्हणालो, जे दोनावर चालतं ते एकावर चालणारच, उलट काम निम्मं.

८ मार्च, शनिवार. दुपारी ४
घरूनच बटण दाबलं. निघाले एकशेबारा.

९ मार्च, रविवार
संध्याकाळी घरून बघितलं. एकशेबाराच्या एकशेबारासमोर ‘चालू’. एकही बिघाड नाही. साहेबांना मेसेज केला: सर्व सुरळीत.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८.४०
सगळीकडे निळा पडदा. कृपया थांबा. चौकट कुठेच नाही. अजून तिथवर पोचले नसावेत.

९.१५. रांग दाराबाहेर. कारकून की-बोर्डाशी खुडबुड करायला लागले. तोच चुरा, तीच नखं! प्रत्येक काउंटरवर सूचना लावली: कुणीही कशालाही हात लावू नये.

१०.००. काठी टेकत एक आजोबा आले, किती वेळ लागेल विचारलं. मी पडद्याकडे बोट दाखवलं. वाचतच नाहीत लोक. वाचायचं नाही असं ठरवूनच घरातून निघतात. वैताग नुसता.

१०.३०. साहेब खाली आले. मी म्हणालो, चालू आहे. शंकाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी बघितलं नाही.

११.०५. मावशी फडकं घेऊन हजर. मी ओरडत धावलो, हात लावू नका! मावशी म्हणाल्या, तुम्हीच म्हणालात कुणाचं ऐकायचं नाही. आणि तीन नंबरचा की-बोर्ड खसाखसा पुसला. निळा पडदा गेला. सिस्टिम सुरू! चार नंबर पुसला, तोही सुरू. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींसाठी.

शंकाबाईंनी समजावून सांगितलं, सगळ्यांदेखत. मॉनिटर एकच, त्यामुळे माझी चौकट निळ्या पडद्याच्या मागे उघडली होती. दिसत नव्हती, पण शनिवारपासून वाट बघत होती. फडक्याने एंटर दाबलं गेलं आणि तिला उत्तर मिळालं. मी म्हणालो, म्हणजे चौकट उत्तमच चालली की.

१२.३०. मावशींनी चारही मजले पुसून काढले. एकशेबारा सुरू. पण एंटर दाबलं की यादीतलं पहिलं नाव निवडलं जातं, आणि पहिलं नाव ‘अभिलेख’, म्हणजे तळघरातली जुन्या कागदांची खोली. आता साहेबांच्या कॉम्प्युटरसकट अख्खं ऑफिस जुन्या कागदांची खोली झालंय. जुने कागद बघता येतात, नवा परवाना एकालाही देता येत नाही.

३.००. शंकाबाईंनी आपली यादी सर्व्हरला दिली. कुणाला काही न विचारता अडीचला काउंटर चालू झाले. आजोबा तोवर परत गेले होते. काठी घेऊन पुन्हा यावं लागणार त्यांना. वाईट वाटलं. ही रोजनिशी आहे, खोटं कशाला लिहू? वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार
साहेबांनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सोमवारचं लोक विसरले असतील असा माझा अंदाज होता.

साहेब म्हणाले, प्रमुखपदाचा आदेश तुमच्याच नावाचा होता. गेल्या शुक्रवारी सही झाली होती, शनिवारपासून लागू. सोमवारी सकाळी काउंटर उघडले की हातात देणार होतो, म्हणून खिशात घालून खाली आलो होतो. दुपारी रद्द करून बाईंच्या नावाचा काढला. मी विचारलं, मी ती चौकट टाकलीच नसती तर? साहेब म्हणाले, तुम्ही काहीही केलं नसतं तरी चाललं असतं.

जिन्यात थांबलो. स्वतःचीच किळस यायला लागली होती, तेवढ्यात लक्षात आलं. शनिवार, रविवार आणि सोमवार दुपारपर्यंत आदेश लागू होता. म्हणजे अडीच दिवस मी विभागप्रमुख होतो. कायद्याने होतोच. मला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, त्यातला रविवार तुम्ही संध्याकाळपर्यंत झोपून काढलात.