हजाराखालचे आकडे

३ फेब्रुवारी
"मागचं टिपण उलटं करा," साहेब म्हणाले आणि मोकळे झाले. बावीस वर्षांपूर्वी गर्भपाताला परवानगी द्यावी म्हणून मीच लिहिलं होतं — लोकसंख्या फुगतेय, नको असलेलं मूल म्हणजे तिजोरीवर बोजा. मन लावून लिहिलं होतं. आता जन्म घटलेत, म्हणून बंदी हवी. म्हणजे तेच मूल आता उद्याचा करदाता! तक्ता तोच ठेवला, वजाचं अधिक केलं. डबा खायच्या आत काम फत्ते.

५ फेब्रुवारी
सून भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "आई, परत दिवस गेलेत." तिसरं. दुसऱ्याच्या वेळी इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं — आता हिला झेपणार नाही. वीस तारखेला दवाखान्यात जाऊन मोकळी होऊन येते म्हणाली.
"तुमच्या ऑफिसात कायदा बदलायचं काही चाललंय का?"
"छे, कुठे काय."
गुप्त कागद आहे, ओट्यावर मांडायला ती काय भाजी आहे? शिवाय ही मुलाजवळ मला 'मोजपट्टी' म्हणते. ऐकलंय मी.

९ फेब्रुवारी
आमच्याकडे आकडे हजारांत लिहितात. हजाराखालचं किरकोळ सोडून द्यायचं, पूर्वापार पद्धत. नव्या मुलींना मीच शिकवते. बंदीनंतर बाळंतपणात जास्तीच्या दगावतील अशा बायका, वर्षाला चारशे दहा. म्हणजे शून्य. साहेबांच्या लगेच लक्षात आलं — धोका शून्य, मग 'जिवाला धोका असल्यास सूट' हे कलम कशाला? खोडलं. तेवढंच अर्धं पान वाचलं.

१३ फेब्रुवारी
एक तारखेपासून लागू करू या, साहेब म्हणाले. मी म्हटलं, मग तोवर दवाखान्यांत रांगा लागतील. लगेच करा. "बाई, तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं!" निवृत्तीनंतर एक वर्ष मुदतवाढ मिळणार.
वीस तारीख डोक्यात होती. नव्हती असं वहीत तरी कशाला लिहू?

१७ फेब्रुवारी
सही झाली. आजपासून बंद.

२० फेब्रुवारी
दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं तिला. चपला न काढताच माझ्यापुढे उभी. "तुम्हाला माहीत होतं." मुलगा मधे पडला नाही, माझ्यावरच गेलाय. मी म्हटलं, दोन पोसलीस, तिसरं काय जड आहे? तिने चपला काढल्या आणि ओट्याशी जाऊन कणीक मळायला घेतली. चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर
सकाळी गेली. रक्त थांबलंच नाही. मुलगी जगली.

१९ सप्टेंबर
साहेब भेटायला घरी आले. मी म्हटलं, ते शून्य चुकलंय, दुरुस्ती लावू या. खुर्ची पुढे ओढून समजावू लागले. "अहो बाई, चारशे दहाचे चारशे अकरा झाले तरी शून्यच येतं. तुमचीच पद्धत ना?" खरंय. घरात माणसंही होती तितकीच आहेत.

२३ सप्टेंबर
बावीस वर्षांपूर्वी माझ्या टिपणावर सही झाली, त्याच आठवड्यात मी दवाखान्याच्या रांगेत होते. माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, हिला झेपणार नाही. मी जगले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.